झोपाळ्याची फांदी

एका राज्यात उदयभान नावाचा राजा होता. लेक जन्मली की अंगणात एक फळझाड लावायचं, अशी तिथली रीत. कमळजा जन्मली तेव्हा राजाला एक झाड निवडवेना. त्याने डाळिंब, अंजीर आणि पेरू, तिन्ही रोपं एकाच खड्ड्यात लावली आणि दवंडी पिटली, "माझ्या लेकीच्या झाडांना कुणी लोखंड लावायचं नाही!"

बारा वर्षांत तिथे रान माजलं, पण फळ एकही धरलं नाही.

कमळजेच्या बाराव्या वाढदिवशी एक जादूगार आला. त्याने एक फळ मागितलं. राजाने रिकामे हात दाखवले. जादूगार संतापला, मंत्र पुटपुटला आणि कमळजेची मैना झाली.

"वर्षाच्या आत तिने इथलं फळ खाल्लं तर माणूस होईल. नाहीतर कायमचं पाखरू!"

राजाने ठकूबाई माळिणीला बोलावलं. ती पदर खोचून झाडांभोवती फिरली.

"महाराज, कामं तीन आहेत. बंदी तुमची, तेव्हा लोखंडही तुम्हीच लावायचं. आधी एक झाड निवडा. पेरू ठेवा, बुंधा निरोगी आहे."

राजाने डोळे मिटून डाळिंबावर कुऱ्हाड उगारली.

"बाबा, डोळे उघडा! पायाची बोटं जातील!" मैना ओरडली.

डाळिंब गेलं, अंजीर गेलं. मग दुसरं काम. पेरूच्या वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या राजाने करवतीने काढल्या, जखमांवर शेणमाती लिंपली.

तिसऱ्या कामाला मात्र त्याचा हात थांबला. झाडाच्या माथ्यावर एक जाड, हिरवीगार फांदी आडवी पसरली होती. तिला कमळजेचा झोपाळा टांगलेला होता.

"ही राहू दे, ठकूबाई. लेक परत आली की झोके कुठे घेईल?"

"हिच्यामुळे आत ऊन पोचत नाही, महाराज. ऊन नाही तर फळ नाही."

राजाने करवत खाली ठेवली. मैना त्याच्या खांद्यावर उतरली.

"बाबा, माझे पाय बघा. दोन काड्या! यांनी झोका कसा घेऊ? कापा ती."

राजाने करवत चालवली. ऊन पहिल्यांदाच बुंध्यापर्यंत उतरलं. महिन्याभरात कोवळी फूट आली, पुढे पांढरी फुलं आली. वर्ष सरायला तीन दिवस उरले असताना एक पेरू पिवळा झाला. मैनेने चोच मारली, पिसं गळाली, आणि दुसरा घास कमळजेने दातांनी तोडला.

राजाने तिला घट्ट मिठी मारली.

"थांबा हो बाबा, बिया अडकल्यात दातांत!"

राजा रडत रडत हसला. "ठकूबाई, बाकीच्या बागेची छाटणी कधी?"

"उद्या सकाळी. पण मुकुट घरी ठेवून या महाराज, फांद्यांत अडकतो."

कमळजेच्या पेरूला आला तसा बहर तुमच्याही अंगणातल्या झाडांना येवो.