रंगनाथाचे इयरफोन

उसाच्या मुलखात एक गाव होतं आणि त्या गावात रंगनाथ नावाचा एक माणूस राहायचा. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं आणि सप्त्यात भजनाला पेटी वाजवायची, एवढंच त्याचं जग. स्वभावानं गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण कान मात्र भारी नखरेल! गाणाऱ्याचा सूर केसभर घसरला तरी याच्या कपाळाला आठी पडायची.

रंगनाथाचं घर गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर होतं. घरात बायको कौसल्या आणि लहानगी लेक मैना. मैना गावातल्या शाळेत जायची आणि शाळा सुटली की आत्याकडे थांबायची. संध्याकाळचं दूध मोजून झालं की रंगनाथ तिला घेऊन पाणंदीनं घरी यायचा. पाणंद म्हणजे मधे बैलगाडी जाईल एवढी वाट आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस.

त्या वर्षी उसात बिबट्या आला. आधी वस्तीवरची कुत्री कमी झाली, मग एक शेळी गेली. मग एके दिवशी बांधावर गवत कापत बसलेल्या बाईवर त्यानं झडप घातली. आरडाओरडा झाला म्हणून बाई वाचली, पण तिची मान बघितलेल्या माणसांना कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही.

वनखात्याचा माणूस आला. त्यानं देवळापुढं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "बिबट्यालाही माणसाशी गाठ नको असते. तुम्ही येताय हे त्याला आधी कळलं पाहिजे. मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावून चाला. उसाजवळ खाली बसू नका. आणि पोरांचा हात सोडू नका."

झालं! तेव्हापासून दिवस कलला की पाणंदीत गाण्यांची जत्राच भरायची. कुणाच्या खिशात लावणी, कुणाच्या हातात आरती, तर कुणी नुसतीच लग्नातली बँडची धून लावून चालायचा. माणूस दिसायच्या आधी त्याचं गाणं यायचं. लोक हसायचे, पण गाणं बंद करायचं नाव कुणी घेत नव्हतं.

रंगनाथही गाणं लावायचा. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मैनेचा हात. पण त्या मोबाइलचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. पेटी चिरकायची, तबला टकटक वाजायचा. रंगनाथ मनातून चरफडायचा. ज्या गाण्यासाठी जीव टाकावा, त्याचे असे हाल!

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. रंगनाथ घाबरत होता. नुसता घाबरत नव्हता, रोज जीव मुठीत धरून चालत होता. गाणं कितीही मोठं लावलं तरी गाण्याच्या मागून पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, सळसळ ऐकू यायचीच. वाऱ्यानं पान हललं तरी त्याच्या काळजात धस्स व्हायचं. मुंगूस आडवं गेलं तरी तो जागीच थबकायचा. आपला हात घामेजलाय हे मैनेला कळू नये म्हणून तो मधेच हात बदलायचा. घरी पोहोचल्यावर भाकरीचा घास तोंडात फिरायचा. आणि उद्या पुन्हा तीच वाट.

बाजाराच्या दिवशी तो तालुक्याच्या गावी गेला. तिथं मन्सूरभाईंचं मोबाइलचं दुकान होतं. खिसा बेताचाच, पण आपल्या ऐपतीत चांगले इयरफोन मिळाले तर बघावेत, असं त्यानं ठरवलं होतं.

मन्सूरभाईंनी दोन जोड पुढं ठेवले. किंमत जवळजवळ सारखीच. एक जोड कानाच्या तोंडाशी नुसता टेकायचा. दुसऱ्याला रबराची मऊ टोपणं होती आणि तो थेट कानात शिरून बसायचा. ही टोपणं लहान-मोठी मिळत, आपल्या कानाला जे घट्ट बसेल ते निवडायचं.

रंगनाथानं पहिला जोड लावला. गाणं छान होतं, पण त्यातून बाजारही ऐकू येत होता. कांदेवाल्याची आरोळी, एसटीचा हॉर्न, सगळं. मग त्यानं दुसरा लावला. मधल्या मापाचं टोपण कानात घट्ट बसलं आणि अहो, काय सांगावं! बाजारच गायब झाला. समोर मन्सूरभाईंचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हते. डग्ग्याचा घुमारा असा गोल आला की रंगनाथाचे डोळे मिटले.

आणि मिटल्या डोळ्यांनी त्याला पाणंद दिसली. तिथं उभा ऊस होता, पण सळसळ नव्हती. त्याच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

त्यानं टोपणं काढली तेव्हा मन्सूरभाई विचारत होते, "घरी बसून ऐकायचंय की चालता-फिरता? वाटेवर वापरणार असाल तर पहिला घ्या. हा दुसरा बाहेरचं काहीच कानात येऊ देत नाही. शिवाय वायर हलली की कानात खरखर होते."

"घरीच," रंगनाथ म्हणाला.

पटकन म्हणाला तो. आपण खोटं का बोललो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं त्या विचाराला दारातच अडवलं आणि दुसरा जोड घेऊन तो बाहेर पडला.

पहिल्या दिवशी पाणंदीत त्यानं एकच टोपण लावलं. एका कानात गाणं, दुसऱ्यात ऊस. दुसऱ्या दिवशी दोन्ही लावली. भीती जी गेली ती पार गेली! पावलं हलकी पडायला लागली. तो मान डोलावत, बोटांनी ताल धरत चालायला लागला. बिबट्या होता तिथंच होता बरं का. फक्त रंगनाथाला तो आता ऐकू येणार नव्हता. आणि रंगनाथाचं गाणं आता बिबट्याला ऐकू जात नव्हतं.

मैना हात धरून चालायची तेव्हा झोके द्यायची. पोरच ती. झोका दिला की वायर हलायची आणि कानात खरखर व्हायची, ऐन समेवर. दोन-तीनदा असं झाल्यावर रंगनाथानं तिचा हात सोडला.

"तू माझ्या मागून ये. मोठी झालीस ना आता?" तो म्हणाला.

मैनेला मोठं झाल्याचं फार कौतुक वाटलं. ती मागून चालायला लागली.

घरी कौसल्या दारातच उभी असायची. वाटेकडं डोळे लावून बसण्यातच तिची संध्याकाळ जायची. ती विचारायची, "गाणं लावलं होतं ना हो? मला काही ऐकू आलं नाही."

"लावलं होतं की," रंगनाथ म्हणायचा. शब्द तेवढा खरा होता, पण तो बोलताना त्याची नजर चुलीकडं असायची.

असेच काही दिवस गेले. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून रंगनाथाला वाटलं, काही होणारही नाही.

मग थंडी पडली. दिवस लवकर मावळायला लागला. त्या दिवशी डेअरीवर गर्दी होती, निघायला अंमळ उशीर झाला. पाणंदीत शिरले तेव्हा वर आभाळात थोडा उजेड होता, खाली उसात मात्र अंधार साचला होता. रंगनाथानं टोपणं नीट दाबून बसवली. कानात आलाप सुरू झाला. पुढं तो, मागं मैना.

त्या दिवशीचं गाणं फार रंगलं. रंगनाथ स्वतःशीच 'वा!' म्हणाला. पाणंदीचं वळण कधी मागं पडलं ते त्याला कळलं नाही. गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी जरा शांतता झाली, तेव्हा मैनेला काहीतरी सांगावं म्हणून तो मागं वळला.

मागं कुणीच नव्हतं.

रिकामी पाणंद, दोन्हीकडं ऊस. रंगनाथाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं कानातली टोपणं ओरबाडून काढली आणि बाहेरचं सगळं एकदम कानांवर आदळलं. रातकिडे, वारा, पाचटाची ती सळसळ. नव्हता तो फक्त मैनेचा आवाज.

तो मागं पळत सुटला. वहाण निसटली, तशीच टाकली. वायर गळ्यात लोंबत होती, छातीवर आपटत होती. देवा, हात का सोडला मी तिचा? का सोडला?

वळणापलीकडं मैना वाटेच्या कडेला खाली बसली होती. चपलेचा पट्टा तुटला होता, तो तिच्या हातात होता. ती रडत नव्हती. दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं आणि ती समोरच्या उसाकडं बघत होती.

रंगनाथानं तिकडं बघितलं. आधी काहीच दिसलं नाही. मग पिवळ्या पाचटातलं काही पाचट नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. बिबट्या पोट जमिनीला टेकवून बसला होता. शेपटीचं टोक तेवढं हळूहळू हलत होतं. त्याची नजर मैनेवरून हलत नव्हती.

पळ, असं त्याचं अंग त्याला सांगत होतं, खोटं कशाला बोला? क्षणभर त्याचं एक पाऊल मागंही सरकलं. पण मैनेनं मान न हलवता फक्त डोळे वळवून त्याच्याकडं बघितलं, आणि मग त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो धावला आणि दोघांच्या मधे उभा राहिला. पोटातून एक ओरडणं आलं. त्याला ना सूर होता ना शब्द. जनावर ओरडावं तसा तो ओरडला. ओरडतच त्यानं मैनेला उचलून खांद्यांवर बसवलं, दोन्ही हात वर केले आणि पुन्हा ओरडला.

बिबट्या उठला. एवढा जवळ की त्याच्या मिशा दिसत होत्या. त्यानं रंगनाथाकडं बघितलं. बघतच राहिला. मग अंग वळवून तो उसात शिरला. थोडा ऊस हलला आणि थांबला.

उरलेली वाट रंगनाथ ओरडतच चालला. देवांची नावं घेतली, कौसल्येचं घेतलं, पुतण्यांची, बैलांचीसुद्धा घेतली. वस्तीवरची माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन धावत आली, तरी त्याचं ओरडणं थांबेना. शेवटी कौसल्येनं त्याचे दोन्ही खांदे धरले तेव्हा तो मटकन खाली बसला.

रात्री मैनेला ताप भरला. कौसल्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत होती. रंगनाथ उशाशी बसला होता. मैनेनं डोळे उघडले आणि बारीक आवाजात विचारलं, "आप्पा, तुम्ही माझ्यावर रागावला होता का?"

"नाही गं बाळा. का?"

"चप्पल तुटली तेव्हा मी तुम्हाला हाका मारल्या. खूप मारल्या. तुम्ही वळलाच नाहीत. मला वाटलं, मी मागं राहिले म्हणून रागावलात. मग तो आला, म्हणून मी गप्प बसले."

कौसल्येचा हात पोरीच्या कपाळावरच थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. रंगनाथाची नजर या खेपेला चुलीकडं गेली नाही. दुकानात काय बोललो, हात का सोडला, 'गाणं लावलं होतं' म्हणजे कुठं लावलं होतं, सगळं त्यानं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "मला भीती वाटत होती गं. ती ऐकू येऊ नये म्हणून घेतले मी ते."

"मला सांगायचं होतं ना," कौसल्या म्हणाली. "भीती मलाही वाटते. दोघं मिळून आणलं असतं तिला."

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. पाणंदीतून तिघं चालत आणि मोबाइल पत्र्याच्या डब्यासारखा मोठ्यानं वाजत असे. रंगनाथाला ऊस ऐकू यायचा, भीतीही वाटायची. ती वाटू देत तो चालायचा.

पुढं एकदा घरात, दार लावून, त्यानं ते इयरफोन पुन्हा लावून बघितले. इयरफोनचा काय दोष? गाणं पहिल्यासारखंच सुरेख होतं. पण कान बंद झाल्याबरोबर त्याला वाटलं, कुणीतरी 'आप्पा' म्हणालं. त्यानं टोपणं काढली. मैना गाढ झोपली होती. पुन्हा लावली, पुन्हा तेच. अर्धं गाणंही ऐकून होईना. त्यानं इयरफोन डबीत घातले.

मैना बरी झाली, शाळेत जायला लागली, हसू-खेळूही लागली. फक्त एक सवय तिला लागली ती बरेच दिवस गेली नाही. आप्पांना हाक मारायची असली की ती आधी त्यांच्यापुढं येऊन उभी राहायची, दोन्ही कानांकडं निरखून बघायची, आणि मगच म्हणायची, "आप्पा."

तात्पर्य: भीतीकडं कान बंद केले म्हणून संकट टळत नाही, आपल्या माणसाची हाक तेवढी ऐकू येईनाशी होते.