ठकूची माती

तुम्ही आत्ता उभे आहात ती सावरदऱ्याची पहिली ताल. दगडाची ही बुटकी भिंत आणि तिच्यामागं अडलेली मातीची पट्टी, याला आम्ही ताल म्हणतो. अशा एकशे चाळीस ताली या डोंगरावर आहेत. आता पश्चिमेला बघा, कोकणाच्या बाजूची माती तांबडी दिसेल. पूर्वेला खाली मोसे गावाचं रान आहे, ते काळंभोर. आणि आपल्या पायाखाली ना तांबडी, ना काळी. ही करड्या रंगाची, भुरभुरीत, खाली मुरूम असलेली. या मातीला आम्ही ठकूची माती म्हणतो.

फार जुनी गोष्ट आहे. माझे आजोबा सांगायचे, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. एका वर्षी इथं नऊ दिवस पाऊस थांबला नाही म्हणे. दहाव्या दिवशी सकाळी डोंगराची सगळी माती सुटली. शेतं, झाडं, अकरा घरं खाली दरीत गेली. गुरांमागं पठारावर गेलेली माणसं तेवढी वाचली. पाऊस उघडल्यावर ती परत आली, तर डोंगर सोललेला. नुसता काळा कातळ, आणि त्यावरून पाणी ओघळतंय.

वाचलेल्यांत ठकू होती. तीस वर्षांची. तिचा नवरा राघू त्या सकाळी घरात होता. तो सापडला नाही.

गावानं धीर सोडला नाही. मोशाच्या पाटलानं सांगितलं, जमीन देता येणार नाही, पण माती लागेल तेवढी न्या. सगळ्यांनी हिवाळाभर पाट्या भरभरून काळी माती वर आणली. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगली आणि उतारावरून लोण्यासारखी घसरून गेली. दुसऱ्या वर्षी घाट उतरून तांबडी माती आणली. ती ऊन लागून विटेसारखी कडक झाली, तिच्यात नाचणीचं मूळ शिरेना. त्यानंतर माणसं थकली. एकेक घर मोशाला उतरलं आणि दुसऱ्यांच्या रानात राबू लागलं.

ठकूची धाकटी बहीण चिमा शेवटी निघाली. ती म्हणाली, "ताई, चल आता. इथं काय राहिलंय?"

"राघू राहिलाय," ठकू म्हणाली. "या कातळावर मूठभर दाणे पिकेपर्यंत मी डोंगर उतरणार नाही."

"अगं, कातळावर कसे पिकतील?"

"आधी जी माती होती, ती तरी कुणी आणून टाकली होती?"

चिमानं आपलं गाठोडं डोक्यावर घेतलं. ती रडत उतरली.

ठकू एक शेळी घेऊन राहिली. झऱ्याचं पाणी होतं, कंद होते, करवंदं होती. दर वर्षी सुगी झाली की चिमा धान्याचं गाठोडं घेऊन वर यायची. बाकी वर्षभर ठकूला बघायला कातळ आणि आभाळ, एवढंच होतं. तेच तिनं बघितलं.

उन्हानं दगड तापायचा, पहाटेच्या गारव्यात आवळायचा, आणि त्याच्या कपच्या सुटायच्या. कपचीवर दगडफूल धरायचं. दगडफुलाच्या खाली दगड मऊ पडून नखानं खरवडता यायचा. पुढं तिथं शेवाळ, मग गवताची एखादी काडी. तिचं केसासारखं मूळ दगडाच्या चिरेत जायचं आणि चीर रुंदावायची. गवत सुकून कुजलं की चिमूटभर काळसर भुगा उरायचा. तो पुढच्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून ठकूनं उतारावर आडवे दगड रचले. तीच ही पहिली ताल, असं सांगतात.

चिमा आली की विचारायची, "यंदा किती झाली?" ठकू बोटावर माप दाखवायची. बारा वर्षांनी नखाएवढी होती. चोवीस वर्षांनी एक पेर भरली. चिमाचे केस पांढरे झाले, ठकूचे तर कधीच झाले होते.

तिसरं तप संपत आलं तेव्हाची गोष्ट. सकाळी ठकू तालीमागचे खडे वेचत होती. बोटाला काहीतरी ओलं, हलणारं लागलं. बघते तर गांडूळ. चहूबाजूंनी कातळ, वर उघडं आभाळ. ते कुठून आलं, कुणी आणलं, कुणालाच सांगता येत नाही. ठकूनं हात मागं घेतला आणि तिथंच डोकं टेकलं. सूर्य माथ्यावर येईपर्यंत ती उठली नाही म्हणे.

त्या वर्षी तिनं चिमाच्या गाठोड्यातली वरई पेरली. मूठभर दाणे आले.

नवस फिटला होता. ठकू उतरायला निघाली, आणि तालीच्या कडेला थांबली. तळपायाला माती चिकटलेली. छत्तीस वर्षांत झालेली माती पायाला लावून खाली कशी न्यायची? तिनं झऱ्याचं पाणी आणून तालीत उभ्या उभ्या पाय धुतले, दगडावर पाय देत बाहेर आली, मग उतरली.

मोशात तिला ओळखणारी पाच-सहा माणसं उरली होती. तिनं मूठ उघडून वरईचे दाणे दाखवले, तेव्हा एकेकानं पुढं होऊन ते बोटानं चाचपले. पाटलाचा नातू भला माणूस होता. तो म्हणाला, "आजी, आमची काळी माती ने ना वर. गाड्या देतो."

"नको बाळा," ठकू म्हणाली. "मी वरून बघितलंय सगळं. दगड एकच आहे, इथला, तिथला आणि माझा. कोकणाकडं पाऊस इतका पडतो की मातीतलं सगळं धुऊन जातं, मागं नुसती लाली राहते. डोंगराच्या या अंगानं धुतलेलं सगळं तुमच्या सपाटीला येऊन बसतं आणि थोड्या पावसात मुरतं, म्हणून तुमची काळी. ती तुमच्याकडंच शोभते. माझ्या उताराला त्याची स्वतःचीच लागते. फक्त वेळ द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी ती वर निघाली तेव्हा तिच्यामागं सात घरं निघाली. एका वर्षात पीक येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. आपल्या हयातीत येईल का, हेही माहीत नव्हतं. तरी त्यांनी दगड रचले.

मागं कॉलेजातली माणसं आली होती. खड्डा घेऊन थर मोजले आणि म्हणाली, बोटभर मातीला शेकडो वर्षं लागतात, छत्तीस वर्षांत एवढी होणं शक्य नाही. मी म्हटलं, असेल. आम्ही ऐकलं तसं सांगतो. त्यांनी खड्डा होता तसा भरून दिला.

बाकी गावांत पाय धुतात ते आत येताना. सावरदऱ्यात आजही पाय धुतात ते जाताना. लग्न होऊन निघालेली मुलगी असो, नाहीतर मयताला आलेला पाहुणा, याच तालीत उभं राहून पाय धुतो आणि मग डोंगर उतरतो.

ऊन कलायला लागलंय, तुम्हालाही निघायचं असेल. चपला इथंच झटका आणि एकेकानं या. पाणी मी घालतो.