काचा वर करा

मांजरांनी दूध चोरणं सोडून गाड्या बनवायला घेतल्या, त्या काळची ही गोष्ट. उंदरांचे पाटील खुडबुडराव यांनी नदीपलीकडच्या मांजरपुराहून अशीच एक विजेवरची गाडी आणली. गाडी भारी बोलकी होती. वाट सांगायची, पाऊस सांगायची आणि उतरताना "जपून हं" म्हणायची.

एकदा चिमाआत्या म्हणाली, "पाटील, ही आपल्याशी गोड बोलते, पण आपण उतरल्यावर कुणाशी बोलते? हिला आपली सगळी बिळं पाठ झालीत."

पाटलांचं धाबं दणाणलं. त्यांनी पंचांना तातडीनं बोलावलं, पण चावडीत बसू दिलं नाही. "भिंतींनाही कान असतात," ते कुजबुजले. "गाडीत बसा आणि काचा वर करा."

दाटीवाटीनं बसून पंचांनी ठरवलं, की रात्री गाडी नदीत ढकलायची आणि तोवर सगळ्यांनी चिंचेखालच्या चोरबिळात लपायचं. चिमाआत्या बाहेरून काच बडवत होती, पण आत कुणाला काही ऐकू गेलं नाही.

पाटील खुशीत म्हणाले, "चला, चिंचेकडे!"

"तिकडे गर्दी आहे, पाटील," गाडी अदबीनं म्हणाली. "मांजरं नुकतीच येऊन बसलीत. दुसरं बीळ सुचवू?"