लोकरीसारखं हिम

"बाबा, तुम्ही हिम पाहिलंय का?"

लाजरसबाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. काळी घोंगडी विणून संपत आली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"गारा पाहिल्यात. बाजारात सरबतवाल्याकडची बर्फाची लादी पाहिलीय."

"आणि काल रविवारी देवळात उपदेश करताना आम्हाला हिमाचा अर्थ सांगत होता!"

"सांगत होतो खरा," बाबा हसले. "तू मधेच उठून गेलास."

अमोस दोन वर्षांपूर्वी फौजेतून सुटून आला होता. लहानपणी बाबांकडेच बायबल शिकला. वाडीत सगळ्यात जास्त वचनं त्याला पाठ. आजही तो ताठ उभा होता.

"पापं लाल असली तरी हिमासारखी पांढरी होतील, असं संदेष्टा म्हणतो. मला धू, मी हिमाहून शुभ्र होईन, असं दावीद म्हणतो. त्यांनी ते लांबून पाहिलं असेल, डोंगराच्या माथ्यावर. मी सीमेवर त्यात चार वर्षं उभा होतो. ते धूत नाही, बाबा. ते झाकतं."

"मोशेच्या बहिणीची कातडीसुद्धा कोडानं हिमासारखीच झाली होती," बाबा म्हणाले. "पांढरं ते सगळं चांगलंच, असं शास्त्र कुठं म्हणतं?"

"मग तुम्ही का म्हणता?"

धाग्यांतून इकडून तिकडे धावणारा धोटा थांबला...

"अमोस, कुणाला झाकलं त्यानं?"

अमोसनं दाराकडे पाहिलं.

"सुदामला. पलीकडच्या वाडीचा, कोकऱ्यांच्या घरचा. त्या दिवशी पहारा माझा होता. मला ताप भरला. तो म्हणाला, तू पड रे, मी जातो. वरचा हिमाचा कडा सुटला, त्याच्यावर आला... आठ दिवस उकरत होतो आम्ही."

"सापडला?"

अमोसनं मान हलवली. नाही.

"त्याच्या आईला भेटलास?"

"फाट्यापर्यंत जातो. तिथून मागे फिरतो. पहारा माझा होता, हे तिला ठाऊक नाही."

बाबा शेवटचे धागे घट्ट करत होते.

"आणखी एक वचन आहे. देव लोकरीसारखं हिम देतो, असं. विसरलास?"

"नाही. तेच मला सगळ्यात खोटं वाटतं. लोकर ऊब देते."

"असेल," बाबा म्हणाले. "मी पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. उन्हाळ्यात काय होतं त्याचं?"

"वितळतं. ओढ्यांतून नदीला मिळतं. खाली पार शेतांपर्यंत जातं."

"तसंच लिहिलंय. आभाळातून पडलेलं हिम जमीन भिजवल्याशिवाय परत जात नाही..."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"ते हिमसुद्धा खाली उतरलं रे. तू अजून वरच उभा आहेस."

अमोस मागाच्या कडेला बसला.

बाबांनी धागे कापले. घोंगडी मागावरून काढली, झटकली, घडी घातली.

"हे सूत सगुणाबाईनं कातलंय."

"कोण सगुणाबाई?"

"सुदामची आई. स्वतःच्या मेंढरांची लोकर. पोरगा गेला, हे ठाऊक आहे तिला. तरी म्हणाली, त्याच्या नावाची एक विणा, बाबा, तो तिथं गारठ्यात आहे."

अमोसचे हात पुढे झाले नाहीत. बाबांनी घोंगडी त्याच्या मांडीवर ठेवली. चिंचोक्याच्या खळीनं ती कडक झाली होती, तिला आंबूस वास येत होता.

"आज पोचवायची आहे. माझे गुडघे चालत नाहीत."

"बाबा... तिनं विचारलं, त्याला फार थंडी वाजली का? तर मी काय सांगू?"

काठीला धरून बाबा खड्ड्यातून सावकाश वर आले. घोंगडीची घडी मोडली आणि अमोसच्या खांद्यांवर टाकली. उघड्या मानेला ती खरखरीत लागली.

"टोचते," अमोस म्हणाला.

"नवी आहे रे. तिच्याजवळ जा, दोघं मिळून पांघरून बसा."