जागाईच्या वशाची कहाणी

ऐका जागाई, तुमची कहाणी. बायांनो, वाती वळा, पण कान इकडे द्या.

आटपाट नगर सगळे सांगतात, आपलं मात्र गाव होतं. नदीच्या वळणावर रंगाऱ्यांची वस्ती. वरच्या घाटावर नदी निळी वाहायची, मधल्या घाटावर तांबडी, खालच्या घाटावर हळदीसारखी पिवळी. तिथं रायाजी रंगाऱ्याची बायको होती, आवडी तिचं नाव. तिला एकुलती लेक, हौसा.

हौसा झाली तेव्हा आवडीची कंबर धरली. बसवेना, उठवेना. सुईण आली. मोहरीएवढी अफू जिभेवर ठेवली. दुखणं गेलं, पण अफू राहिली. मोहरीची ज्वारी झाली, ज्वारीचा हरभरा झाला. हसू नका गं. आपल्यात मिश्रीचे डबे कुठे लपतात, तेही मला ठाऊक आहे.

अफू खाल्ली की आवडीला काय दिसायचं? वाळत घातलेली लुगडी पाखरं होऊन उडायची. नदी अंगणात येऊन बसायची. तिची मेलेली आई पाण्यावरून चालत यायची, केसांत तेल घालायची. असं सुख सोडवेल कुणाला? तिला सोडवलं नाही.

मग काय झालं? एकदा रंग उतू गेला. एकदा कापडाची थानंच्या थानं करपली. आणि एकदा तीन वर्षांची हौसा निळीच्या हौदात पडली. शेजारच्या बनाईनं तिला ओढून काढलं. पोर मानेपर्यंत निळी झाली होती, आणि आवडी हौदाच्या काठावर बसून हसत होती.

सासू पैलतीरी धाकट्या लेकाकडे राहत असे. ती आली, पोरीला कडेवर घेतलं, म्हणाली, “सूनबाई, डोळे जागे होतील तेव्हा घेऊन जा.” आणि होडीत बसून गेली.

सकाळी आवडी शुद्धीवर आली. हौसाचं अंथरूण रिकामं. ती घाटोघाट रडत हिंडली. खालच्या घाटापलीकडे एक म्हातारी बसलेली. साऱ्या गावाला रंग, तिच्या लुगड्याला काही रंग नाही. आवडीनं पाय धरले. “आई, माझी लेक मला मिळेल असं काही सांग.”

म्हातारी म्हणाली, “जागाईचा वसा घे. सूर्य उगवला की नदीत उभं राहावं. ओंजळभर पाणी सोडावं. मनातलं खरं एका बाईला सांगावं. मावळेपर्यंत जीभ राखावी, अफूचा कण तिच्यावर ठेवू नये.”

“घेते.”

“उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही!” आवडी घाईनं बोलली आणि पळाली. म्हातारी आणखी काही सांगत होती. हिला कुठला धीर?

पहिल्या दिवशी हाडं दुखली. दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी अंगावर मुंग्या चढल्या. बनाई उशाशी बसली, पेज पाजली. रोज सकाळी आवडी तिला खरं सांगे, आणि लाजेनं मान खाली घाली. बनाई म्हणे, “ऐकलं गं बाई,” इतकंच.

असे एकवीस दिवस झाले. मग आवडीनं काय केलं? आपण सगळ्या जे करतो तेच. उद्यापन केलं! पुरणपोळी केली, पाच सवाष्णी जेवू घातल्या, ओट्या भरल्या. सवाष्णी म्हणाल्या, “वसा पुरा झाला हो.” पैलतीरी निरोप गेला, मुलीला घेऊन या.

सवाष्णी गेल्या. पेटीच्या तळाशी अफूची पुरचुंडी होती. आवडी मनाशी म्हणाली, वसा तर पुरा झाला, एका कणानं काय होतंय? कण जिभेवर ठेवला. लुगडी उडाली, नदी अंगणात आली.

तेवढ्यात सासू हौसाला घेऊन दारात उभी. सुनेचे डोळे पाहिले, आणि आल्या पावली फिरली. हौसा रडली नाही, तिनं मागंही बघितलं नाही. ते आवडीनं धुक्यातून पाहिलं, आणि तिचं काळीज फाटलं.

पुन्हा ती म्हातारीकडे गेली. “आई, वसा मोडला. एकवीस दिवस फुकट गेले.”

“फुकट कसे? ते तू जगलीस, ते तुझेच. पण उद्यापन कुणाला विचारून केलंस?”

“प्रत्येक वशाला असतं ना?”

“ह्याला नाही. हा सकाळी घ्यायचा, संध्याकाळी सुफळ व्हायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा घ्यायचा. बोल, उतशील, मातशील?”

आवडीनं ओंजळीत नदीचं पाणी घेतलं. मग म्हणाली, “पुढचं मला ठाऊक नाही, आई. आज उतत नाही, आज मातत नाही, आजचा वसा टाकत नाही.”

म्हातारी हसली. “आत्ता खरं बोललीस.” आणि बघता बघता दिसेनाशी झाली.

आवडीनं पुरचुंडी सुईणीला परत दिली. म्हणाली, “कुणा दुखणाईताला लागेल, मला नको.” मग दिवस मोजायचं सोडलं. हौदाशी उभी राहू लागली. गुंगीत तिनं एक रंग पाहिला होता, दिवस उगवण्याआधीच्या आभाळाचा. तो शुद्धीत करून बघावा असं तिच्या मनानं घेतलं. डाळिंबाची साल उकळली, त्यात लोखंडाचं पाणी घातलं. एकदा काळा झाला, दोनदा मळका झाला, तिसऱ्यांदा साधला. रायाजी थान हातात घेऊन नुसता बघत राहिला. कित्येक दिवसांनी तो बायकोशी गोड बोलला.

दोन वर्षं गेली. सासूच्या कानावर गेलं. ती हौसाला घेऊन आली. पाच वर्षांची हौसा अंगणाच्या कडेला उभी राहिली, पुढं येईना. म्हणाली, “आई, तू पुन्हा कधीच तशी होणार नाहीस ना?”

सगळ्यांचे कान तिकडे. रायाजी खुणावतो, कधीच नाही म्हण. बनाई खुणावते, म्हण गं. आवडी लेकीसमोर मातीत बसली. “उद्याचं मी सांगत नाही, बाळ. आज जागी आहे.”

हौसानं विचार केला. आईचे डोळे नीट निरखले. म्हणाली, “मग मी आज राहते.”

दुसऱ्या सकाळी विचारलं, “आज?” आई म्हणाली, “आज जागी आहे.” लेक म्हणाली, “आज राहते.” असं आज आज करता हौसा लग्नाची झाली.

जशी जागाई आवडीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. जिचा वसा मोडला, तिला उद्याची सकाळ मिळो. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं सांगून झाली, ऐकणारीच्या ओटीत सुफळ होवो.