नागू रंगाऱ्याच्या गाठी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा वेळ सावलीवरून कळायची, आणि सावली पडली नसेल तर पोटातल्या भुकेवरून. त्या काळी नदीकाठच्या एका गावात नागू नावाचा रंगारी राहत होता.

नागूच्या घरात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता, आणि त्या रांजणात नीळ होती. आता नीळ म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे, बरं का! ती जिवंत असते. तिला गुळाचं पाणी पाजावं लागतं, टाकळ्याच्या बियांची पेज द्यावी लागते, बेताने चुना घालावा लागतो. सकाळ-संध्याकाळ तिला ढवळावं लागतं, आणि गारठू नये म्हणून भोवती पेंढा रचावा लागतो. एवढे लाड पुरवले, की ती पांढरं सूत निळंशार करून देते. लाड चुकले, की रुसून बसते.

ही नीळ नागूच्या पणजोबाने लावलेली होती. घरातलं दही जसं विरजणावर चालतं, तशी ती जुन्यातली थोडी नव्यात ठेवत ठेवत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सगळ्या पंचक्रोशीत दुसरा रंगारी नव्हता, तेव्हा दुसरं विरजणही नव्हतं. जाताना नागूच्या बापाने त्याचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "पोरा, घर गेलं तरी चालंल, पर नीळ जाऊ दिऊ नगंस."

नागू कामाला वाघ होता. खोड एकच, माणूस विसरभोळा. एकदा सासरी निघालेल्या एका पोरीचं लुगडं रंगवायचं तो विसरला, आणि ती बिचारी जुनेर नेसून सासरी गेली. तिच्या आईने नागूच्या दारात उभं राहून त्याला असं काही ऐकवलं, की नागूने खाली घातलेली मान संध्याकाळपर्यंत वर केली नाही. त्या दिवशी त्याने ठरवलं, आता काही म्हणजे काही विसरायचं नाही.

तो बाजारात गेला आणि भेटेल त्याला विचारू लागला, "काय रं, तू कामं ध्यानात कशी ठिवतोस?"

आता फुकटचा सल्ला द्यायला जग नेहमीच तयार असतं. भाजीवाली म्हणाली, "मी पदराला गाठ मारते." नागूने उपरण्याला गाठी मारायला सुरुवात केली. मेंढपाळ म्हणाला, "मी कमरेला खडे बाळगतो. काम झालं, की खडा उजवीकडून डावीकडं." नागूने नदीवरून ओंजळभर खडे आणले. गावच्या जोशीबुवांनी त्याला घटिकापात्र दिलं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असं समजायचं. शेवटी पोपटवाल्याने त्याच्या गळ्यात एक पोपट बांधला. "ह्यो तुला हाक मारून कामं सांगंल," तो म्हणाला.

नागूला वाटलं, आपण जग जिंकलं.

पण मुलांनो, आणि मुलांपेक्षा शहाणे म्हणवणाऱ्या मोठ्यांनो, पुढे काय झालं ते ऐका. सकाळी उठलं, की नागू आधी उपरण्याच्या गाठी चाचपायचा. ही गाठ कशाची आणि ती कशाची, हे आठवण्यातच न्याहारीची वेळ व्हायची. मग खडे मोजायचे, उजवीकडचे उजवीकडे आहेत ना ते पाहायचं. तेवढ्यात वाटी बुडायची, ती काढून पुन्हा सोडायची. मग पोपटाला डाळ घालायची आणि नवा पाठ द्यायचा. हे सगळं आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं, आणि नागू घाम पुसत म्हणायचा, "आज लई काम झालं!"

त्याची बायको राही सूत पिळता पिळता म्हणायची, "काम? सूत तर अजून कोरडंच हाय की. तुमी फकस्त काम आठवायचं काम केलं."

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पाटलांचं पागोटं रंगायला आलं, तेव्हा नागूच्या उपरण्यावर गाठ मारायला जागाच उरली नव्हती. मग त्याने पागोट्याच्या टोकालाच गाठ मारली. गाठ कशाची? तर पाटलांचं पागोटं रंगवायची! आणि पुढे त्या गाठीसकट ते निळीत बुडवलं. गाठीत रंग शिरला नाही, आणि पाटलांच्या पागोट्यावर एक पांढरं कडं उमटलं. पाटील भले माणूस. ते हसले आणि तेच बांधून हिंडू लागले. नागूने मात्र त्यातून काही धडा घेतला नाही. पागोट्याला गाठ मारायची नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी त्याने आणखी एक गाठ मारली.

अशातच जत्रा जवळ आली. आसपासच्या गावांतल्या विणकर बायका वर्षभर याच जत्रेसाठी विणत असत. जत्रेत निळी लुगडी खपली, तर त्यांच्या घरात वर्षाचे दाणे येत. म्हणून सगळ्यांनी आपापलं सूत नागूच्या ओसरीवर आणून टाकलं आणि त्या निर्धास्त होऊन घरी गेल्या.

नागूची मात्र धांदल उडाली. कुठलीही गोष्ट राहून जाऊ नये, म्हणून त्याने प्रत्येक कामाची गाठही मारली, खडाही ठेवला आणि पोपटालाही शिकवलं. तीन-तीन राखणदार असल्यावर चूक कशी होईल?

एके सकाळी त्याने सुताची पहिली लड निळीत बुडवली, हलक्या हाताने फिरवली आणि वर काढली. चांगली नीळ असली, की सूत बाहेर येताना हिरवट दिसतं आणि वारा लागता लागता डोळ्यांदेखत निळं होतं. नागू वाट पाहत उभा राहिला. वारा लागला, पण सूत मळकट पिवळंच राहिलं. त्याने दुसरी लड बुडवली, ती पण तशीच. त्याने वाकून रांजणात पाहिलं. निळीवर नेहमी तांब्यासारखी चकाकणारी साय असायची. ती नव्हती. फेस नव्हता, ओळखीचा वासही नव्हता. बोटाला पाणी नुसतं बुळबुळीत लागलं.

नागू मटकन खाली बसला. "राहे," तो कसाबसा म्हणाला, "नीळ मेली."

राहीच्या हातातली लड गळून पडली. ओसरीवर एवढ्या घरांचं सूत पडलेलं, जत्रा तोंडावर आलेली, आणि पणजोबापासून चालत आलेली नीळ नागूच्या हातून गेली. बापाला दिलेला शब्द आठवून त्याला रडू कोसळलं. पोपट तेवढा दांडीवर बसून ओरडत होता, "चुना घाल! चुना घाल!"

राही शहाणी होती. तिने रडण्यात वेळ घालवला नाही. नागूची आत्या नदीपलीकडच्या गावात दिली होती. ती याच रांजणाच्या काठावर लहानाची मोठी झाली होती. राही तडक जाऊन तिला घेऊन आली.

आत्या आली, ती पाणीही न पिता सरळ रांजणापाशी गेली. तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"नागू, चुना किती घातलास?"

"बेतानंच घातला, आत्या. येकदाच."

"मला कळू दे तरी, कवा घातलास?"

नागू आठवू लागला. "सकाळी गाठ हाताला लागली, तवा घातला." मग तो अडखळला. "दुपारी कमरंला चुन्याच्या कामाचा खडा उजवीकडंच घावला. म्हणलं राहिला वाटतं, म्हणून..."

"घातलास."

"आन् सांजच्याला ह्यो पोपट बोंबलत व्हता..."

"म्हंजी त्याच्या सांगण्यावरनं बी घातलास. किती दिस चाललंय हे?"

नागूने दांडीवरच्या पोपटाकडे पाहिलं. त्याला एकदम सगळं कळलं होतं. एका कामाला तीन राखणदार ठेवले, आणि तिघांनी ते त्याच्याकडून तीन-तीन वेळा करून घेतलं होतं. विसरू नये म्हणून जे जे केलं, त्यानेच घात केला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

आत्याने मात्र कपाळाला हात लावला नाही. ती पदराने बोट पुसत म्हणाली, "रडू नगंस, लेकरा. मेलेली नीळ सडल्यावानी घाण मारती. हिला वास न्हाई. ही मेली न्हाई, चुन्यानं गुंगलीया. निजलीया ती. उठवू आपण."

नागूला वाटलं, छातीवरचा धोंडा कुणीतरी अर्धा उचलला.

"पर माजी येक अट हाय," आत्या म्हणाली. "ते उपरणं काढ. खडं नदीत टाक. ती वाटी जोशीबुवाला दिऊन ये. आन् ही उठंस्तवर दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई."

"पर आत्या, मी इसरलो तर?"

"काय इसरशील? ही तर म्होरं बसलीया की तुझ्या!"

नागू रांजणापाशी बसला. आत्या सांगेल तसा पेंढा बदलायचा, गुळाचं कोमट पाणी थोडंथोडं सोडायचं, हळू ढवळायचं आणि झाकण ठेवायचं. चुन्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी त्याच्या जिवाला चैन पडेना. त्याचा हात सारखा खांद्यावर जाई, गाठ शोधी, आणि रिकामा परत येई. मधेच तो उठून ओसरीवरचं सूत वर-खाली करू लागे. मग आत्या आतून हाक मारून विचारी, "नागू, आत्ता हात कशात हाय?"

तो ओशाळून परत येऊन बसे. थोड्या वेळाने त्याला अंगणातला फुटका माठ आठवे, तो उठे, आणि पुन्हा हाक येई, "नागू, आत्ता हात कशात हाय?"

हळूहळू हाका कमी झाल्या. नागूला नीळ ऐकू येऊ लागली. आत कुठे बारीक बुडबुडा फुटतो, पाणी कधी ऊबदार लागतं, वास कधी फिरतो, हे त्याला कळू लागलं. बापाच्या हाताखाली शिकताना हे सगळं त्याला कळायचं. मधल्या काळात तो ऐकायचंच विसरून गेला होता.

मग एका सकाळी त्याने झाकण उचललं, आणि ओळखीचा उग्र वास नाकात शिरला. निळीवर तांब्यासारखी साय धरली होती आणि कडेला निळा फेस आला होता. नागूने एक लड बुडवली आणि वर काढली. लड हिरवट होती. वारा लागला. हिरवट सूत आधी मोरपिसासारखं झालं आणि मग निळं, गर्द निळं झालं.

"राहे! आत्या! उठली, आपली नीळ उठली!" नागू ती ओली लड छातीशी धरून ओरडला. अंगरखा निळा झाला, त्याचं त्याला भान नव्हतं. राही पदर डोळ्यांना लावून हसत होती. किती दिवसांनी त्या घरात सगळ्यांनी ऊर भरून श्वास घेतला.

"आता बाकीचं सूत?" नागू घाबरून म्हणाला. "कोनाचं आदी, कोनाचं मागनं? ध्यानात कसं ठिवू?"

आत्याने ओसरीवर एक लांब बांबू आडवा बांधायला लावला. "जे सूत आदी आलं, ते ह्या टोकाला टांग. मागनं आलेलं त्याच्या मागं. ह्या टोकाचं काढायचं, रंगवायचं, मग म्होरचं. काम डोळ्याम्होरं टांगलेलं असल्यावर त्याची गाठ कशाला पायजे? आन् दिसणार न्हाई असं काय आसंल, तर त्याची येकच गाठ मार. ते झालं की सोड, मंग दुसरी बांध."

नागूने तसंच केलं. बांबू एका टोकाने रिकामा होत गेला आणि अंगणातली दोरी निळ्या सुताने भरत गेली. विणकर बायका येऊन आपापलं सूत घेऊन गेल्या, आणि जत्रेत त्यांची निळी लुगडी हातोहात खपली. नागू त्या रात्री इतका गाढ झोपला, की सकाळी राहीला त्याला हलवून उठवावं लागलं.

पुढे नागूने ते जुनं उपरणंही निळीत बुडवलं. साऱ्या गाठी सोडून टाकल्या होत्या, एक तेवढी मुद्दाम ठेवली होती. उपरणं वाळल्यावर तीही सोडली, तर निळ्या कापडावर एकच पांढरं कडं उमटलेलं. ते उपरणं त्याने आयुष्यभर वापरलं. पाटील आपल्या पागोट्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आता आपण दोघं एका घरातले झालो बघ!"

आणि पोपट? त्याला काही कुणी हाकललं नाही. पण आत्या आपल्या गावी परत गेल्यापासून तो चुन्याचं नाव विसरला होता. दारात कुणीही आलं, आणि गप्पांत रमून नागू हातातलं काम सोडू लागला, की तो दांडीवरून मान वाकडी करून आत्याच्याच आवाजात विचारायचा, "नागू, आत्ता हात कशात हाय?" नागू हसायचा, आणि त्याचा हात पुन्हा निळीत जायचा.

तात्पर्य: काम आठवत राहावं म्हणून एक गाठ पुरते, पण गाठीच सांभाळत बसलं, तर हातातलं काम सांभाळायला कुणी उरत नाही.