कुशाबा नावाड्याचा प्रश्न

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल व्हायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा आमच्या गावात कुशाबा नावाडी राहायचा. आणि त्याच गावात पंतोजींची मुलगी मैना होती, नऊ वर्षांची. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे, असं म्हणतात. तोंडी हिशेब तर असे करी, की मोठी माणसं बोटंच मोजत राहत.

पैलतीरावर श्रावणात जत्रा भरे. तिथे गावोगावच्या हुशार पोरांना प्रश्न घालत. ज्या गावचं पोर शेवटपर्यंत अडत नसे, त्या गावाची मानाची काठी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचे. मैनेने हा मान तीन वर्षं आणला. मग काय, रस्त्यात कुणीही तिला थांबवून काहीबाही विचारू लागलं. चौथ्या वर्षी पोर जेवेनाशी झाली, डोक्यावरचे केस एकेक करून उपटू लागली. आमची शहाणी माणसं म्हणाली, नजर लागली. त्यांनी मीठमिरच्या ओवाळल्या आणि सगळी पुन्हा प्रश्न विचारायला मोकळी झाली. मला त्यांचा आजही राग येतो.

जत्रेच्या दिवशी नदीला पूर होता. नावेत मैना, पंतोजी आणि पाटील बसले होते. नाव मध्यावर आली तेव्हा मैनेने हळूच विचारलं, "कुशाबाकाका, नाव बुडाली तर आज प्रश्न विचारणार नाहीत ना?"

कुशाबाचा हात थांबला. त्याने लांब बांबू तळात रोवला आणि नाव त्याला बांधून टाकली.

"नाव हाक," पाटील म्हणाले. "गावाची काठी मागं ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या. मैना, ह्या नदीत पाणी किती हाय?"

पोरीचे ओठ हलू लागले. नदीची रुंदी, खोली, वाढतं पाणी. आकडे जुळेनात. तिचा हात केसांकडे गेला.

"म्हाईत न्हाई म्हण," कुशाबा म्हणाला.

तिने बापाकडे पाहिलं. ते शब्द तिच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. पाणी नावेत येऊ लागलं. पाटलांनी देवाचा धावा सुरू केला.

"पंतोजी," कुशाबा म्हणाला, "पोरीनं हे शिकायचं कुनाकडनं? तुमी कधी म्हटलंय?"

पाणी घोट्यांवर चढलं तेव्हा कुठे पंतोजी बोलले. "मैना, मलाही माहीत नाही, बाळ."

"मला माहीत नाही," मैना म्हणाली आणि बापाच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. ती रडत होती तेवढा वेळ पूर नावेभोवती जागच्या जागी उभा राहिला, असं म्हणतात. मग कुशाबाने नाव माघारी वळवली.

काठीचा मान गेला, आणि गावाने तो परत मागितला नाही. आमची काठी आजही सगळ्यांच्या शेवटी निघते. आता पूल झालाय, तरी श्रावणात शाळेत पहिल्या आलेल्या पोराला त्याच्या मास्तरांसोबत नावेत बसवून मध्यावर नेतात. कुशाबाच्या घरातलं माणूस तोच प्रश्न विचारतं. आधी मास्तरांनी काठापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायचं, "मला माहीत नाही." मग पोराने. त्यानंतर वर्षभर त्या पोराला कधीही जीव घाबरा झाला, तर कुशाबाच्या घरी जाऊन बसायची मुभा असते. तिथे त्याला भाकरी वाढतात आणि काही म्हणजे काही विचारत नाहीत.